जुनं आर्केड कॅबिनेट घरी आणलंय? थांबा, प्लग लावू नका

माझं पहिलं कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं उभं मशीन, घरात आलं त्या रात्री मी जो गाढवपणा केला तो तुम्ही करू नये, एवढ्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलोय. तिघांनी मिळून ते धूड आत आणलं, भिंतीला टेकवलं आणि मागचं दार उघडून आत डोकवायच्या आधीच मी प्लग लावून स्विच दाबला. अर्धा सेकंद वरच्या मार्कीतली, म्हणजे गेमच्या नावाच्या पाटीतली, ट्यूब फडफडली, आतून फट् असा आवाज आला आणि मग जळक्या प्लास्टिकचा वास. दुसऱ्या दिवशी टॉर्च मारला तेव्हा दिसलं की आत उंदरांचा अख्खा संसार होता, मेन्सच्या वायरी त्यांनी अशा सोलून ठेवल्या होत्या की आतलं तांबं चमकत होतं. पॉवर सप्लाय गेला, मॉनिटर वाचला तो निव्वळ नशिबाने.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, जे परत पहिल्यासारखं करता येत नाही ते सगळ्यात शेवटी करायचं. कापणं, रंगवणं, भोक पाडणं हे तर आहेच, पण करंट सोडणं सुद्धा त्यातच येतं, कारण जळलेली चिप परत जिवंत होत नाही. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय, त्यामुळे "रंगाचं काय ते आधी सांगा" म्हणणाऱ्यांनी जरा धीर धरा.

कॅबिनेट निवडताना

दोन प्रकारची कॅबिनेट मिळतात. एक म्हणजे एकाच गेमसाठी बनवलेलं, बाजूचं आर्ट, कंट्रोल पॅनल, काचेभोवतीचं बेझल सगळं त्याच गेमचं. दुसरं म्हणजे साधं कॅबिनेट किंवा आधीच कोणीतरी कन्व्हर्ट केलेलं, वरून काळा रंग फासलेला, आत वेगळाच बोर्ड, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते सर्किट. तुम्हाला त्यात दुसरं काही बसवायचं असेल तर हे दुसऱ्या प्रकारचंच शोधा. चांगलं चालू असलेलं मूळ मशीन आतून रिकामं करून त्यात कॉम्प्युटर कोंबणं मला बघवत नाही, हे माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

पण कन्व्हर्ट करणं म्हणजे काही पाप आहे असंही नाही हां. हा धंदा पहिल्यापासून असाच चाललाय, गेम जुना झाला की मालक लोक किट आणायचे, बोर्ड आणि मार्की बदलायचे आणि तेच खोकं परत कमाईला लावायचे. १९८१ साली अमेरिकेत निन्टेंडोची रडार स्कोप नावाची मशीन खपेनात तेव्हा त्यांनी त्याच कॅबिनेटात डाँकी काँग बसवून विकला, म्हणून अगदी सुरुवातीची डाँकी काँग मशीन लाल रंगाची आहेत. मिस पॅक-मॅन सुद्धा मुळात पॅक-मॅनच्या मशीनवर बसवायचं किट म्हणूनच जन्माला आला.

बघायला गेलात की सगळ्यात आधी खाली वाका. कॅबिनेटचा खालचा वीतभर भाग सगळं सांगतो. ओल्या जागी उभं असेल तर पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन पावासारखा फुगलेला असतो, बोटाने दाबला की भुसा पडतो. थोडा फुगवटा दुरुस्त होतो, चारही कोपरे गेले असतील तर न घेता मागे फिरा. वाळवीची माती दिसली तर लांबूनच नमस्कार.

मग मागून मॉनिटर बघा. पिक्चर ट्यूबच्या मागच्या बारीक काचेच्या नळीत आतल्या बाजूला एक चकचकीत डाग असतो, आरशासारखा. तो दुधासारखा पांढरा झालेला दिसला तर ट्यूबमध्ये हवा शिरलीय, ती मेली, त्यावर काही इलाज नाही. मॉनिटर बंद असताना काचेवर चक्रव्यूहाची पुसट रेघ दिसत असेल तर ते वर्षानुवर्षं पॅक-मॅन चालून जळलेलं फॉस्फर आहे, तेही जात नाही, पण त्याच्यासोबत राहता येतं.

आणि हो, घराच्या दाराची रुंदी मोजून जा. हसू नका. उभं कॅबिनेट सहज शंभर किलोच्या वर जातं आणि जिन्याच्या वळणावर अडकलं की मग सगळा शहाणपणा कळतो.

पहिला दिवस: फक्त फोटो आणि झाडू

प्लग काढलेला आहे ना, परत एकदा बघा. मागचं दार उघडा आणि फोटो काढत सुटा. प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक वायरचा रंग, कुठला स्क्रू कुठे आहे सगळं. तुम्हाला वाटेल लक्षात राहील, नाही राहत. प्रत्येक प्लगला मास्किंग टेपचा तुकडा लावून पेनाने नाव लिहा आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. धूळ काढायला मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर, तोंडावर मास्क, कारण आतली धूळ म्हणजे नुसती धूळ नसते, उंदरांच्या लेंड्याही असतात.

नाण्यांच्या पेटीच्या तळाला हात घालून बघा, हरवलेल्या किल्ल्या बहुतेक तिथेच सापडतात. माझ्या दुसऱ्या कॅबिनेटच्या नाण्यांच्या दाराच्या आत, कच्च्या लाकडावर, कोणीतरी पेन्सिलने नाणी मोजणाऱ्या मीटरचे आकडे एकाखाली एक लिहून ठेवले होते, शेवटच्या दोन ओळीत आकडा तोच. म्हणजे त्या काळात एकही नाणं पडलं नाही. बहुतेक तेव्हाच मशीन उचललं असणार. ती फळी मी रंगवली नाही, आजही तशीच आहे.

वीज

आता कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं. मेन्सची वायर पूर्ण तपासा, प्लगपासून आतपर्यंत. जुन्या मशीनच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणीतरी मोडून टाकलेली असते, अशी केबल सरळ फेकून नवीन तीन तारांची लावा आणि अर्थ धातूच्या सगळ्या भागांना, म्हणजे नाण्यांचं दार, कंट्रोल पॅनलचा पत्रा, मॉनिटरची फ्रेम यांना जोडलाय का ते मल्टीमीटरने बघा. फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाचा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असेल तर आधीच्या माणसाच्या नावाने दोन शिव्या द्या आणि लेबलवर लिहिलेला फ्यूज लावा.

मशीन कुठल्या व्होल्टेजचं आहे हे लेबलवर वाचा. जपानी मशीन १०० व्होल्टची, अमेरिकन ११५ ते १२० ची असतात, तुमच्या भिंतीत २३० येत असेल आणि तुम्ही नुसता प्लगचा आकार बदलून लावलात तर माझ्यापेक्षा मोठा आवाज येईल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि मशीन जेवढे वॅट खातं त्यापेक्षा ऐसपैस घ्या.

आता गेम बोर्ड आणि मॉनिटर दोन्ही सोडवून ठेवा, फक्त पॉवर सप्लाय चालू करायचा. पहिल्या वेळी मी मेन्सच्या लाइनमध्ये सिरीजमध्ये एक साधा फिलामेंटचा बल्ब घालतो, कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचतं, ठीक असेल तर क्षणभर लागून मंद होतो. सप्लाय चालू झाला की मीटरने +५ आणि +१२ व्होल्ट बघा, काही जुन्या बोर्डांना -५ पण लागतो. स्विचिंग सप्लायवर +५ साठी एक छोटा स्क्रू असतो. बोर्ड लावल्यावर हा आकडा परत मोजायचा, आणि तो सप्लायवर नाही तर बोर्डाच्या कडेला, कारण जुन्या वायरीत थोडे व्होल्ट हरवतात. बोर्डावर ५ ते ५.१ च्या मधे आला की हात काढा. गेम मधेच रिसेट होत असेल तर दहातल्या निम्म्या वेळा बोर्ड चांगलाच असतो, हे पाच व्होल्टच कमी पडत असतात.

मॉनिटर, म्हणजे ज्याला घाबरायलाच पाहिजे

पिक्चर ट्यूबच्या मागे रबरी टोपीखाली जी जाड वायर जाते तिथे चालू असताना २० हजार व्होल्टच्या आसपास असतात, आणि प्लग काढल्यावरही ते तिथे कितीतरी वेळ बसून राहतात. ज्यांनी आयुष्यात कधी टीव्ही उघडलेला नाही त्यांनी पहिल्यांदा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला सोबत बसवा. लाज वाटायचं काही कारण नाही.

डिस्चार्ज कसं करतात ते सांगतो. प्लग काढलेला. चांगल्या प्लास्टिक मुठीचा लांब चपटा स्क्रू ड्रायव्हर, त्याच्या दांडीला एक वायर क्लिपने पकडायची, तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवर ताणलेल्या उघड्या वेणीसारख्या तारेला. त्या तारेलाच हां, चॅसिसच्या, म्हणजे मॉनिटरच्या सर्किटच्या, प्लेटवर कुठेही नाही. एक हात खिशात. दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली हळू सरकवायचं, आतल्या धातूला लागलं की टिक् असा आवाज येतो, कधी काहीच येत नाही. पाच मिनिटांनी परत एकदा करायचं, कारण ट्यूबमध्ये थोडा चार्ज परत जमतो. चॅसिसवरच्या मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरमध्येही वेगळा चार्ज असतो, तोही मीटरने बघितल्याशिवाय हात लावू नका. आणि डोळ्यांवर चष्मा, ट्यूबची मान कशाला आपटली तर काच उडते.

अजून एक, कितीतरी जुन्या मॉनिटरना, उदाहरणार्थ इलेक्ट्रोहोम जी०७ किंवा वेल्स-गार्डनर के४६००, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच, म्हणजे मॉनिटरला भिंतीतल्या विजेपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधूनच, वीज द्यावी लागते. कॅबिनेटच्या तळाशी तो जड ठोकळा दिसतो ना, तो कोणी "वजन कमी करू" म्हणून काढला असेल तर मॉनिटर थेट भिंतीला जोडू नका, चॅसिस स्वतः करंट मारेल आणि बोर्डही जाईल.

चित्र लाटांसारखं हलतंय, बाजूने आत ओढलं गेलंय, वरच्या टोकाला दुमडलंय, अशी रडगाणी बहुतेक वेळा वाळून गेलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची असतात. त्या त्या चॅसिसचं कॅपॅसिटर किट मिळतं, वीस-पंचवीस कॅपॅसिटर, एक एक करून बदलायचे, एक काढला की त्याच जागी नवीन लगेच सोल्डर करायचा, सगळे एकदम काढून बसायचं नाही. प्लस-मायनस उलटं झालं तर फुटतो. सोबतच चॅसिसवरच्या कनेक्टरच्या पिनांचं सोल्डर भिंगाने बघा, पिनेभोवती केसाएवढी गोल भेग दिसेल, तिथे परत गरम करून ताजं सोल्डर द्या. माझ्या एका मॉनिटरचा लाल रंग येत-जात होता, मी दोन रविवार ट्रान्झिस्टर शोधत बसलो आणि निघाली अशीच एक भेग.

ट्यूब खरंच मेलेली असेल तर एलसीडी लावा, माझी हरकत नाही, पण जुनी फ्रेम आणि चॅसिस जपून ठेवा.

बोर्ड आणि तो एक कनेक्टर

१९८५ मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेने जॅमा नावाचं स्टँडर्ड आणलं. ५६ पिनांचा कनेक्टर, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना २८-२८, आणि त्यात वीज, चित्र, आवाज, बटणं सगळं ठरलेल्या जागी. त्यामुळे जॅमा कॅबिनेट म्हणजे नवशिक्यासाठी सोन्याची खाण, एक बोर्ड काढला दुसरा लावला. त्याच्या आधीच्या मशीनमध्ये ज्याची त्याची वायरिंग वेगळी. तिथे मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापायचा नाही, अडॅप्टर विकत घ्यायचा किंवा बनवायचा.

हा कनेक्टर उलटा बसतो. लक्षात ठेवा, बसतो. सातव्या पिनेच्या जागी एक छोटी प्लास्टिकची किल्ली असायला हवी, जी बोर्डाच्या खाचेत जाते आणि उलटं बसू देत नाही, पण जुन्या कनेक्टरमधून ती बहुतेक वेळा पडून गेलेली असते. उलटा लावला की १२ व्होल्ट जाऊन पोचतात थेट दुसऱ्या खेळाडूच्या बटणाच्या पिनेवर. मी लावलाय एकदा, रात्री झोपेच्या डोळ्यांनी. आता माझ्या प्रत्येक कनेक्टरच्या वरच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका असतो.

बोर्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॉकेटमधल्या चिपा दाबून नीट बसवा, इतक्यानेच कितीतरी मेलेले बोर्ड उठून बसतात.

बॅटरी. निओ जिओ एमव्हीएसच्या मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, ती फुटून हिरवट-निळं काहीतरी बोर्डाच्या रेषा खात जातं. लगेच काढा, डाग व्हिनेगरने पुसा आणि मग अल्कोहोलने. पण कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डाची बॅटरी दिसली म्हणून त्याच उत्साहात काढू नका, त्या बॅटरीवर गेम उलगडायची गुप्त किल्ली जिवंत असते, बॅटरी गेली की गेम गेला. असे बोर्ड परत उठवता येतात हल्ली, पण ते पहिल्या महिन्यात करायचं काम नाही. म्हणजे बॅटरी काढायची की नाही हे आधी बोर्डाचं नाव वाचून ठरवायचं.

जॉयस्टिक आणि बटणं

हा भाग सोपा आणि मजेचा. मायक्रोस्विचला तीन पाय असतात, आपल्याला कॉमन आणि नॉर्मली ओपन हे दोनच लागतात. सगळ्या स्विचचा ग्राउंड एकाच वायरने माळेसारखा ओवत न्यायचा आणि प्रत्येकाची सिग्नलची वायर वेगळी. बटणांची भोकं दोन मापांची असतात, जपानी ३० मिलीमीटर आणि अमेरिकन साधारण २८, घ्यायच्या आधी मोजा नाहीतर पत्रा कानशीने घासत बसाल. पॅक-मॅनसारख्या गेमला चार दिशांची जॉयस्टिक लागते, आठ दिशांच्या काठीवर वळण घेताना तो भिंतीला चिकटतो आणि लोक म्हणतात आमचा हात गेला. काही जॉयस्टिकच्या खाली फिरवता येणारी चकती असते, चार-आठ दोन्ही होतं, तीच घ्या.

आता लाकूड, मग रंग

खालचे फुगलेले कोपरे पूर्ण वाळू द्या, आठवडा लागला तर लागू द्या. सुटलेल्या थरांमध्ये पातळ वुड ग्लू सोडून दोन बाजूंना फळी लावून क्लॅम्पने आवळा, फळीला प्लास्टिकचा कागद गुंडाळा नाहीतर फळीही कायमची चिकटेल. तुटलेला कोपरा गाडीच्या डेंटिंगला वापरतात त्या पॉलिएस्टर पुट्टीने भरा, ती भराभर घट्ट होते म्हणून थोडी थोडीच कालवा.

बाजूंचा काळा रंग घासताना घाई करू नका. एका कॅबिनेटवर मी पॉलिश पेपर मारत होतो, काळ्याखाली राखाडी, राखाडीखाली अचानक पिवळ्याची एक कड दिसली, मग घासायचं मशीन बाजूला ठेवून हाताने घासत गेलो तर खाली मूळ स्टेन्सिलचं चित्र जवळपास शाबूत. मशीनने दोन मिनिटं जास्त घासलं असतं तर गेलंच होतं. म्हणून आधी एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा हाताने घासून बघायची. काही नाही मिळालं तर खुशाल प्रायमर मारा, दोन हात, मधे घासणं, मग फोमच्या रोलरने रंग.

कडेची प्लास्टिकची पट्टी, टी-मोल्डिंग, बहुतेक १९ मिलीमीटर रुंद असते. नवीन पट्टी बसवताना रबरी हातोडा वापरा आणि कोपऱ्यावर वळवताना आतल्या दात्याला व्ही आकाराचा छोटा काप द्या, नाहीतर पट्टी वर उचलते.

कन्व्हर्जन, पण परत फिरता येईल असं

सोपा मार्ग म्हणजे दुसरा जॅमा बोर्ड. दुसरा मार्ग कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, त्यावर मेम हा प्रोग्राम, जो १९९७ पासून जुने बोर्ड सॉफ्टवेअरमध्ये जिवंत ठेवतोय. मूळ हार्नेसला हात न लावता मधे कॉम्प्युटरला जॅमा कनेक्टरशी जोडणारा इंटरफेस बोर्ड घाला, म्हणजे उद्या खरा बोर्ड मिळाला की हे काढून ते लावायचं. गेमच्या फाइली मात्र सर्रास उतरवू नका, बहुतेकांचे हक्क अजून कोणाकडे तरी आहेत. रॉबी रोटो, ग्रिडली असे थोडे गेम त्यांच्या मालकांनी घरगुती वापरासाठी मोकळे केलेत, टेस्टिंगला ते पुरतात.

जुना मॉनिटर ठेवणार असाल तर हे पाठ करा, तो साधारण १५ किलोहर्ट्झवर चालतो आणि कॉम्प्युटरचा व्हीजीए ३१ वर. चुकीचा सिग्नल गेला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि चित्र फाटतं, तसं जास्त वेळ ठेवलं तर चॅसिस जातं, लगेच बंद करा. शिवाय कॉम्प्युटरचा रंगांचा सिग्नल ०.७ व्होल्टचा, आर्केड मॉनिटरला जास्त लागतो, मधे व्हिडिओ अँप्लिफायर नसेल तर चित्र अंधारात बसल्यासारखं दिसतं. चांगल्या इंटरफेस बोर्डात तो असतोच, घेताना विचारा. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना चुकूनही ५ देऊ नका. स्पीकरची मायनस वायर ग्राउंडला जोडू नका, बऱ्याच जॅमा बोर्डांचा अँप्लिफायर त्याने जळतो.

कॅबिनेटचा स्विच बंद केला की रास्पबेरी पायची वीज धाडकन जाते आणि मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून सिस्टिम रीड-ओन्ली, म्हणजे कार्डावर काही लिहिलं जाणार नाही अशी, करून ठेवा, एका कार्डाची कॉपी बाजूला.

शेवटी खालचे चार लेव्हलिंगचे पाय फिरवून कॅबिनेट डुलत नाही ना बघा, मागे वारा खेळेल एवढी जागा सोडा, मागचं दार लावा. आणि दाराला आपोआप लागणारं कुलूप असेल तर लावायच्या आधी खिसा चाचपा, किल्ली आत नाण्यांच्या पेटीवर ठेवून मी दार लावलंय, आणि मग नव्या रंगाच्या कॅबिनेटचं कुलूप ड्रिलने फोडलंय.